माझ्या नावाची कमतरता

माझ्यात काहीतरी कमी आहे, असं माझी बायको शिवकन्या गेली सव्वीस वर्षं म्हणत आली आहे. पण ते आकड्यांत, छापील कागदावर, सहीशिक्क्यासकट लिहून मिळालं ते यंदाच्या जानेवारीत.

झालं असं, की शाळेत टेबलावर मला डुलक्या यायला लागल्या. मी कुरुंद्याला शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. गावात शाळेच्या फाटकातून रोज आत जाणाऱ्या प्रत्येकाला 'सर' म्हणतात, म्हणून मी मस्के सर. तर एका सोमवारी मुख्याध्यापक सोमेश्वर जाधव सर समोर उभे असताना माझं कपाळ त्यांच्याच रजेच्या अर्जावर टेकलं. उचललं तेव्हा कपाळावर 'मंजूर' असा ताजा शिक्का उलटा उमटला होता. जाधव सरांनी फक्त आरसा असलेली खोली कोणती ते हातानं दाखवलं.

संध्याकाळी शिवकन्या म्हणाली, "रगत तपासून घ्या. तुमी बसल्या जागी झोपून राहिले. उद्या चालता चालता झोपले तर गाडीखाली जाल."

वसमतला जाऊन एका लॅबमध्ये रक्त दिलं. लॅबचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात त्यांचा थोडा आणि माझा बराच दोष आहे. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. तातेराव ज्ञानबा मस्के. हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक एक. बी-ट्वेल्व्ह एकशे बारा. डी जीवनसत्त्व अकरा. प्रत्येक आकड्यापुढं खाली तोंड केलेला बाण. आयुष्यात एवढ्या विषयांत एकदम नापास मी कधीच झालो नव्हतो.

वय मात्र सत्तेचाळीस लिहिलं होतं. मी एकावन्न वर्षांचा आहे. पण रक्त काढणाऱ्या मुलीनं चेहऱ्याकडं बघून लिहिलं असेल, असं समजून मी ती चूक दुरुस्त करायला सांगितली नाही. माणसानं एवढा मोह तरी का टाळावा?

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून इंजेक्शनं आणि गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "औषधानं भरून निघेल, पण रोजचं रोज पोटात गेलं पाहिजे. शरीर हे साठवणीचं गोदाम नाही." हे वाक्य माझ्या मनाला लागलं. त्या दिवसापासून मी निर्धार केला. मी निर्धार केला की तो लेखी असतो, कारण मी लिपिक आहे. शाळेच्या वेळापत्रकाचा एक कोरा कागद घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. पहिला तास लोह, दुसरा तास क जीवनसत्त्व, मधली सुट्टी, तिसरा तास कॅल्शियम, चौथा तास ऊन. लोह आणि कॅल्शियम शेजारी बसवले तर एकमेकांना शिकू देत नाहीत, असं कळलं, म्हणून त्यांच्यात मुद्दाम मधली सुट्टी टाकली. चहा जेवणाबरोबर घेतला की लोह अंगी लागत नाही, म्हणून चहाला शाळेतून काढून टाकलं.

चहा सोडल्याची बातमी गल्लीत गेली आणि माणसं यायला लागली. कुणी चहा सोडला की त्याचं काहीतरी मोठं बिनसलंय, असं आमच्याकडं पक्कं समजतात.

सगळ्यात आधी आल्या चंद्रभागाबाई. शेजारच्या शिवहारची आई. पंच्याहत्तरीच्या आहेत आणि गावातल्या प्रत्येक दुखण्याला नावानं ओळखतात. त्यांनी वेळापत्रक वरपासून खालपर्यंत पाहिलं. वाचता येत नाही, पण पाहण्यात कसूर केली नाही.

"येवढं लिवलं कशापायी?" त्या म्हणाल्या. "तांदुळजा खाय, हरभऱ्याचा पाला खाय, शेवग्याचा पाला खाय. लोखंडाच्या तव्यात कर. वरतून लिंबू पिळ. आमच्या टायमाला कोनाला बाण न्हवते."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि तेच छापील माहितीतही होतं, पण मी वेळापत्रक काढलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

मग भाज्या सुरू झाल्या. सोमवारी शेवगा, मंगळवारी तांदुळजा, बुधवारी अंबाडी, गुरुवारी पुन्हा शेवगा, कारण शिवहारच्या बांधावर शेवग्याचं झाड होतं आणि तो निर्धाराच्या बाबतीत माझ्याही पुढं होता. तो रोज एक फांदी आणून टाकायचा. जवसाची चटणी, तिळाची चटणी, गूळ-शेंगदाणे, ज्वारीची भाकरी, रोज वाटीभर दही. शाळेत मी डब्याचं झाकण उघडलं की शिक्षक म्हणायचे, "सर, शेळ्या कुठं बांधल्या?" मी मान खाली घालून चावत राहायचो. जो माणूस ध्येय ठेवून चावतो त्याला टोमणे ऐकू येत नाहीत. खरं म्हणजे येतात, पण तोंड भरलेलं असल्यानं उत्तर देता येत नाही.

आणि खरं सांगतो, फरक पडला. तीन आठवड्यांत डुलक्या गेल्या. सकाळी डोळे आपोआप उघडायला लागले. जिन्यावर दम लागेना. आठवडाभर साचलेला पत्रव्यवहार मी दुपारच्या आत संपवायला लागलो. जो भेटेल त्याला मी विचारायचो, "तुमचं बी-ट्वेल्व्ह किती?" लोक मला टाळायला लागले, पण सुधारणा करणाऱ्या माणसाला एवढं सोसावंच लागतं.

राहिलं होतं ऊन. गच्चीवर रोज अर्धा तास बसत होतो, पण चंद्रभागाबाईंनी त्यातही खोट काढली. "नुसतं बसून ऊन अंगात मुरत न्हाई. तिळाचं तेल लाव आन् आडवा हो."

मार्चमधला रविवार होता. सकाळी दहाला मी अंगभर तिळाचं तेल चोपडलं, कमरेला टॉवेल गुंडाळला आणि गच्चीवर सतरंजी टाकून आडवा झालो. डी जीवनसत्त्व अंगात शिरतंय, असं मनात म्हणत डोळे मिटले. रविवार, तेल आणि ऊन या तिन्हींचा एकत्र परिणाम काय होतो, हे कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेलं नसतं. मी झोपलो. ही डुलकी नव्हती, हा औषधोपचार होता.

आता आमच्या भागात मार्च म्हणजे हळदीचा महिना. शिजवलेली, वाळवलेली हळद ड्रममध्ये घालून फिरवतात, म्हणजे तिची साल निघून ती चकचकीत होते. शिवहारनं त्याच दिवशी ट्रॅक्टरला जोडलेला असा ड्रम आणला आणि आमच्या भिंतीला लागून असलेल्या त्याच्या अंगणात उभा केला. ड्रम फिरायला लागला की पिवळ्या धुळीचा लोट उठतो. वारा आमच्या घराच्या दिशेनं होता. मी वर होतो. तेल लावलेला होतो.

जागा झालो ते शिवकन्येच्या किंकाळीनं. ती वाळत घातलेले कपडे काढायला वर आली होती. कपडेही पिवळे झाले होते, पण ती कपड्यांसाठी ओरडली नव्हती.

अंगाला साबण लावला. साबण पिवळा झाला. दुसरा साबण लावला. चंद्रभागाबाई म्हणाल्या, बेसन लाव. बेसन मुळात पिवळंच असतं, हे लावून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. शिवहार भिंतीवरून डोकावून म्हणाला, "सर, माफ करा, मला मालूम न्हवतं तुमी वर वाळत हाव."

सोमवारी शाळेत गेलो. लांब बाह्यांचा सदरा घातला, पण तोंडाला बाह्या नसतात. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईनं मला पाहिलं आणि हातातलं पातेलं उचलून आत नेलं. दहा वाजेपर्यंत सातवीच्या वर्गात बातमी होती, मस्के सरला कावीळ झाली. अकरा वाजता एक पालक आले. बारा वाजता जाधव सरांनी मला बोलावलं आणि मी दारात असतानाच हात वर केला.

"तिथंच थांबा, मस्के. डोळे दाखवा."

"सर, ही हळद आहे."

"कावीळ झालेला प्रत्येक जण काहीतरी म्हणतोच. लेकरांची शाळा आहे. सरकारी डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला आणा, तोवर रजा."

त्याचा आदेश लेखी निघाला पाहिजे होता. शाळेत आदेश टाइप करणारा एकच माणूस आहे. तेव्हा 'आपली प्रकृती पाहता आपणांस कळविण्यात येते की' इथपासून सुरुवात करून मी स्वतःलाच रजेवर पाठवलं. जावक क्रमांक टाकला. जाधव सरांनी दुरून सही केली. मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन मी तो आदेश स्वीकारला आणि 'प्रत मिळाली' म्हणून सही दिली. 'पाहता' या शब्दाऐवजी 'पहाता' टाइप झालं होतं, ते दुरुस्त करून पुन्हा छापलं. अपमान झाला तरी शुद्धलेखन सोडता येत नाही.

मंगळवारी शिवकन्येला मागे बसवून स्कूटरवर हिंगोली गाठली. असे दाखले जिथं मिळतात तिथल्या खिडकीपाशी माझ्याच वयाचे, माझ्याच चष्म्याचे एक गृहस्थ बसले होते.

"तंदुरुस्तीचा दाखला पाहिजे."

"आजारी असल्याचा दाखला आणला?"

"मी आजारी नव्हतोच."

"मग तंदुरुस्त कशातून झाले?"

 हा प्रश्न मी स्वतः सव्वीस वर्षं शिक्षकांना विचारत आलो होतो, ह्याच आवाजात, चष्म्याच्या वरून बघत. समोरचा माणूस तेव्हा आतून कसा होतो, हे मला कधी समजलंच नव्हतं. मी बाकावर जाऊन बसलो. दाखल्याशिवाय परत जायचं नाही असं ठरवलं. तासाभरानं पुन्हा खिडकीशी गेलो. त्यांनी सांगितलं, आधी आजारपणाचा दाखला, मग उपचाराचा कागद, मग तंदुरुस्ती. मी पुन्हा बाकावर आलो.

शिवकन्या उठली. माझा हात धरला आणि रांग, खिडकी, पडदा यातलं काहीही न बघता सरळ तपासणीच्या खोलीत शिरली. आत एक तरुण डॉक्टरबाई होत्या.

"मॅडम, हे पिवळे हायेत ते हळदीनं. घासून बघा."

डॉक्टरबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतलं आणि माझ्या गालावर फिरवलं. बोळा पिवळा झाला, गाल त्या जागी माणसासारखा झाला. त्या खाली बघून हसल्या, मग डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या आणि म्हणाल्या, "दाखला देते. पण कागदावर लिहायचं तर एकदा रक्त बघते. उद्या या."

दुसऱ्या दिवशी शिवकन्येला घेऊन पुन्हा गेलो तेव्हा मी जुना रिपोर्टही नेला. पास झालेल्या मुलानं आधीचं नापास प्रगतिपुस्तक दाखवावं, तसा हेतू होता. त्यांनी नवा कागद आणि जुना कागद शेजारी ठेवले.

"हिमोग्लोबिन साडेचौदा. डी चांगलं आहे. बी-ट्वेल्व्ह तर मोजायच्या पट्टीच्या बाहेर गेलंय. इंजेक्शनं आता बंद करा." मग त्या थांबल्या. "तुमचा रक्तगट कोणता?"

"बी पॉझिटिव्ह. शाळेच्या शिबिरात दोनदा रक्त दिलंय."

"या जुन्या रिपोर्टवर ओ पॉझिटिव्ह लिहिलंय." त्यांनी बोट ठेवलं. "रक्तगट गोळ्या घेऊन बदलत नाही. हा रिपोर्ट तुमचा नाही."

मी तो कागद हातात घेतला. दोन महिने मी तो कागद खिशात घेऊन फिरलो होतो. बाण पाठ होते. पण रक्तगटाची ओळ कधी वाचलीच नव्हती, आणि वय वाचून खूश झालो होतो.

"मग मॅडम, मला एवढी तरतरी आली ती कशानं? मी खरंच बरा झालोय."

"आधी दिवसभर काय खात होता?"

"सकाळी चहा आणि खारी. दुपारी शाळेत चहा-बिस्कीट. चारला चहा."

"आणि ऊन? चालणं?"

"ऑफिसात पंखा आहे."

"मग सरळ आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला इंजेक्शनाची गरज नव्हती. जेवणाची होती. ते मात्र चालू ठेवा."

दाखला खिशात घालून बाहेर आलो. मनात एकच विचार होता, की हे कुणाला कळता कामा नये. कुरुंद्यात मी निम्म्या गावाला बी-ट्वेल्व्ह विचारलं होतं. आता ते दुसऱ्याचं निघालं म्हटल्यावर माझी काय अब्रू राहिली असती? तो रिपोर्ट फाडून टाकावा, असंही वाटलं. स्कूटरपाशी आलो तेव्हा शिवकन्या म्हणाली,

"तुमचं समदं ठीक हाये म्हनल्यावर, ज्याचं ठीक न्हाई तो कुठं हाये?"

मी किल्ली लावता लावता थांबलो.

"त्याला कुनाचा कागद गेला?" तिनं विचारलं. "तुमचाच गेला असंल ना? समदं चांगलं असलेला?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कुठंतरी सत्तेचाळीस वर्षांचा एक तातेराव ज्ञानबा मस्के होता. त्याच्या अंगात रक्त नव्हतं आणि हातात माझा कागद होता.

वसमतच्या लॅबमध्ये काउंटरवर तीच मुलगी होती. मी सगळं सांगितलं. तिला वाईट वाटलं, पण तिनं मान हलवली. "दुसऱ्या पेशंटचं नाव-गाव देता येत नाही, काका. त्यांची लेखी संमती लागते."

"अगं, तो कोण आहे ते कळल्याशिवाय संमती कुणाची आणू?"

"हो, पण नियम आहे."

"त्याचा रिपोर्ट तर माझ्याच खिशात आहे!"

"तो तुम्हाला द्यायला नको होता," ती म्हणाली, आणि तो परत मागायला लागली.

मी कागद घट्ट धरला. नियमाशी कसं लढतात ते मला ठाऊक नाही, कारण मी जन्मभर नियमाच्या बाजूनंच बसलोय. पण नियमाच्या बाजूनं बसून एक विद्या मात्र शिकलो आहे. मी म्हणालो, "बरं. मग माझा रिपोर्ट दे. माझं नाव तातेराव ज्ञानबा मस्के. तारीख बारा जानेवारी. माझा कागद कुणी सही करून नेला, ते तरी बघ. ते विचारायचा मला हक्क आहे."

ती घाबरली, तिनं नोंदवही काढली आणि माझ्यापासून लपवत स्वतःकडं तोंड करून उघडली. साहेबांच्या टेबलावरचे कागद उलटे वाचत माझी हयात गेलेली आहे. बारा जानेवारी, एकाखाली एक दोन तातेराव मस्के. दुसऱ्यापुढं मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत सही: सुमनबाई. गाव: हट्टा.

"काही दिसत नाही," मी म्हणालो, मुलीचे आभार मानले आणि स्कूटरला लाथ मारली.

हट्ट्याला हॉटेलात विचारलं तर पहिल्यांदा एका गरगरीत तातेरावांकडं पाठवलं. ते तेव्हा एका हातानं पाण्याचं पिंप उचलून बाजूला ठेवत होते. "तुमच्यात रक्त कमी आहे," असं मी म्हटल्यावर त्यांनी पिंप खाली ठेवलं आणि माझ्याकडं यायला लागले. शिवकन्येनं मध्ये पडून ज्ञानबा हे वडिलांचं नाव का, ते विचारलं. नव्हतं. ते निवळले आणि म्हणाले, "तो शेळ्यावाला असंल. वस्तीच्या टोकाला. तो काय करतो? बसून ऱ्हातो."

वस्तीच्या टोकाला पत्र्याचं घर होतं. काट्यांच्या कुंपणात दहा-बारा शेळ्या. बाजेवर एक हडकुळा माणूस भिंतीला टेकून बसला होता आणि अंगणात एक बाई राग काढल्यासारखा खराटा मारत होती.

"तातेराव ज्ञानबा मस्के हेच का?"

"व्हय," तो म्हणाला. "कोन पायजे?"

"मीपण तातेराव ज्ञानबा मस्के."

बाईनं खराटा थांबवला आणि मला खालून वर पाहिलं. "येक हाये तेच लय झालं," ती म्हणाली. ह्याच सुमनबाई.

मी बाजेच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. डुलकीपासून हळदीपर्यंत काही लपवलं नाही. माझी मान अजून पिवळी होती, त्यामुळं त्यांचा विश्वास बसला. सुमनबाई आत गेल्या, पेटीतून पिशवीत गुंडाळलेला कागद आणला. तो माझा होता. वय एकावन्न, बी पॉझिटिव्ह. सगळं काठावर पास, पण पास. एकही बाण नव्हता.

"डॉक्टर म्हनले समदं बराबर हाये," सुमनबाईंचा आवाज चढला. "मग मी काय समजू, सर? मानूस सकाळी उठत न्हाई. शेळ्यामागं जात न्हाई. भाऊ म्हनतेत कामाचा कंटाळा हाये, गाव म्हनतं नाटक करून राहिला. म्याबी लय बोलले. काय न्हाई ते बोलले. शेळ्या राखाय कोनी न्हाई म्हनून मंगळवारी येपाऱ्याला बोलवलंय, समद्या इकायच्या."

तातेराव तिच्याकडं न बघता माझ्याशी बोलले. हळू बोलत होते, दोन शब्दांमध्ये दम घेत. "पायात कापूस भरल्यावानी होतं. जमीन लागतच न्हाई. चार पावलं चाललं की छाती भरून येती. काहून होतं म्हनून रगत तपासलं. कागद म्हनला, काई न्हाई. मग मलाबी वाटाय लागलं, सर. मी कामचोरच हाव."

मी सव्वीस वर्षांत कितीतरी कागद माणसांच्या हातात दिले. एखाद्या कागदानं माणसाचं तोंड असं बंद होतं, हे त्या बाजेवर बसून पहिल्यांदा पाहिलं. शिवकन्येनं जुना रिपोर्ट माझ्या खिशातून काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"भाऊ, हा तुमचा," ती म्हणाली. "तुमाला खरंच तकलीफ हाये. यात लिवलंय."

सुमनबाई चुलीकडं गेल्या. बराच वेळ पाठ करून चहा करत बसल्या. आम्हाला दुधाचा चहा आला, तातेरावांना कोरा.

"तुमी काहून कोरा?" शिवकन्येनं विचारलं.

"दूध समदं हाटेलावर जातं," ते म्हणाले. "आमी माळकरी, मांस-अंडं न्हाई. दूध इकून घर चालतं. सवय हाये आपल्याला."

आणि त्या क्षणी मी, चहा सोडलेला माणूस, हातातला कप खाली ठेवून भाषणाला उभा राहिलो. बी-ट्वेल्व्ह मुख्यतः दुधात, अंड्यात, मांसात मिळतं. तुमच्या दारात ते रोज सकाळ-संध्याकाळ पिळलं जातं आणि तुमच्या समोरून निघून जातं. रोजचं रोज पोटात गेलं पाहिजे, शरीर हे साठवणीचं गोदाम नाही. शिवकन्येनं माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. "पयले डॉक्टरकडं न्या," ती म्हणाली. "भाषन मागून."

त्याच दुपारी ती सुमनबाईंपाशी थांबली आणि मी तातेरावांना स्कूटरवर बसवून वसमतला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी जुना रिपोर्ट वाचला, तातेरावांच्या तळव्यांना टाचणीचं टोक लावून पाहिलं. तातेराव दुसरीकडं बघत राहिले. त्यांना कळलंच नाही. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. खात्रीसाठी पुन्हा रक्त काढलं. या वेळी नळीवर चिठ्ठी लागेपर्यंत मी शेजारून हललो नाही. नर्सनं विचारलं, "तातेराव ज्ञानबा मस्के कोण? इंजेक्शन द्यायचंय," तेव्हा आम्ही दोघांनीही दंड उघडे केले. सवय एकेकाला लागते.

"बी-ट्वेल्व्ह नसल्यानं पायांच्या नसा बधिर झाल्यात. उशीर झालाय, पण फार नाही," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शन चुकवायचं नाही. आणि घरात दूध असेल तर प्यायचं."

मंगळवारी व्यापारी शेळ्या न्यायला आला. मी तिथं नव्हतो, पण हे मला नंतर तीन जणांनी सांगितलं. सुमनबाईंनी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत लावला. तो म्हणाला, राखणार कोण? तेव्हा त्या अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "आमचा मानूस आजारी हाये. आळशी न्हाई." आणि दोन महिने शेळ्यांमागं स्वतः गेल्या.

त्या दोन महिन्यांत मी दर रविवारी फोन करायचो. "दूध घेतलं का? पालेभाजी? इंजेक्शन झालं?" पलीकडून तातेराव शाळेतल्या पोरासारखे "व्हय सर, व्हय सर" म्हणायचे. आवाजात दम भरत चालला होता. आधी एका दमात एक शब्द, मग एक वाक्य, मग एका रविवारी ते भावाबद्दल सलग दहा मिनिटं बोलले.

जूनमध्ये आम्ही दोघं हट्ट्याला गेलो. सुमनबाई दारातच होत्या. "हायेत कुठं? सकाळीच शेळ्या घेऊन गेले. घरी थांबा म्हनलं तर आयकत न्हाईत. लय तोंड झालंय आता." पण हे सांगताना त्या बांधाकडंच बघत होत्या.

थोड्या वेळानं शेळ्या दिसल्या आणि त्यांच्यामागं तातेराव. सरळ चालत होते. मग एकाएकी थांबले आणि लंगडत यायला लागले.  सुमनबाईंच्या हातातली कळशी खाली आली. औषध उलटलं की काय, डॉक्टर म्हणाले होते त्या नसा पुन्हा बधिर झाल्या की काय? मी धावत पुढं गेलो. ते दगडावर बसले, चप्पल काढली, तळवा दोन्ही हातांनी धरून वर केला आणि माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू.

"सर! काटा मोडला! चपलीतून आत घुसला."

मी बघितलं. बाभळीचा, चांगला जाड.

"लय दुखून राहिलं, सर," ते म्हणाले, लेकराला खाऊ मिळावा तसे. "बराबर इथं. बगा, ह्या बोटाच्या खाली. इथंच दुखतं."

सुमनबाई सुई घेऊन पळत आल्या, त्यांच्या पायाशी मातीतच बसल्या आणि तळवा मांडीवर घेतला. सुईचं टोक काट्याला लागलं आणि तातेराव असे ओरडले की पुढं गेलेल्या शेळ्या वळून उभ्या राहिल्या.

सुमनबाईंनी सुई थांबवली. पदरानं डोळे पुसले.

"आनखी वरडा," त्या म्हणाल्या.